झाकणाची आतली बाजू

श्रीखंडाच्या डब्यावरचं चंदेरी झाकण ओढून काढल्यावर माझी नजर आधी त्याच्या आतल्या बाजूकडे जाते. घरातली मंडळी श्रीखंड वाढून घेतात आणि मी झाकण उजेडाकडे धरून बघते की लॅकरचा थर सगळीकडे शाबूत आहे का, कडेला जिथे ते डब्याला चिकटलं होतं तिथे कसं सुटलं आहे. फॉइलच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली की ही सवय लागतेच.

अशा झाकणाची फॉइल साधारण ३५ मायक्रॉन जाडीची असते. मिश्रधातू बहुतेक वेळा ८०११, म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं लोखंड आणि थोडं सिलिकॉन. आतल्या बाजूला काही मायक्रॉनचा लॅकर असतो. गरम साच्याखाली दाबला की तो प्लॅस्टिकच्या डब्याला चिकटतो. झाकण ओढलं की लॅकर फॉइलबरोबर यायला हवा. तो डब्याच्या काठावर राहिला आणि हातात उघडी फॉइल आली, तर आमचं काम फसलं.

ते एका पावसाळ्यात फसलं. ग्राहकाकडून तक्रार आली की एका लॉटमधल्या तीन कॉइलींवर लॅकर धरत नाही. टेप लावून ओढली की पापुद्र्यासारखा निघतो. बाकीच्या कॉइली उत्तम. त्या तीनही उत्पादनाच्या वेळी ठीक होत्या, महिनाभर गोदामात राहिल्यावर बिघडल्या. मीटिंग बसली. रोलिंगवाले म्हणाले अ‍ॅनीलिंग, म्हणजे भट्टीतली तापवणी, बघा, अ‍ॅनीलिंगवाले म्हणाले लॅकर बघा, लॅकर पुरवणारे म्हणाले फॉइल बघा. प्रत्येकाच्या हातात पास झालेला कागद होता, माझ्याही. रासायनिक घटक मर्यादेत, ताणशक्ती मर्यादेत, जाडी मर्यादेत. पाण्याची चाचणीही ‘ए’ ग्रेड.

ही पाण्याची चाचणी फॉइलच्या धंद्यात रोजची. फॉइल तिरकी धरायची आणि वरून शुद्ध पाणी सोडायचं. पाणी सलग पसरून वाहिलं तर पृष्ठभाग स्वच्छ, ग्रेड ‘ए’. थेंब थेंब होऊन आक्रसलं तर रोलिंगचं तेल शिल्लक आहे. मग पाण्यात अल्कोहोल वाढवत जायचं आणि किती टक्क्यांना ते पसरतं त्यावरून ‘बी’, ‘सी’, ‘डी’ ठरवायचं. आम्ही सगळे असंच मानत होतो की ‘ए’ मिळाला म्हणजे लॅकर धरणार. इथे ‘ए’ मिळूनही लॅकर सुटत होता, आणि याचं उत्तर कारखान्यातल्या कुठल्याच यंत्राकडे नव्हतं.

कारण आमची सगळी यंत्रं धातू मोजत होती. स्पेक्ट्रोमीटरवर ठिणगी पडते तेव्हा ती धातूत मायक्रॉनच्या हिशेबाने खोल शिरते. ताणशक्तीची चाचणी तर अख्खी पट्टी तोडते. लॅकर मात्र धातूला शिवतच नाही. अ‍ॅल्युमिनियम हवेत आलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो, दोन ते चार नॅनोमीटरचा. लॅकर बसतो तो त्यावर. ३५ मायक्रॉनची फॉइल म्हणजे दहा मजली इमारत धरली, तर हा पापुद्रा म्हणजे गच्चीवरचा तीन मिलिमीटरचा गिलावा. आम्ही इमारतीच्या काँक्रीटचे दाखले गोळा करत होतो, आणि गळती गिलाव्यात होती.

तो गिलावा बघण्यासाठी मी पवईला आयआयटीत नमुने नेले. तिथे एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीचं यंत्र होतं, ज्याला सगळे एक्सपीएस म्हणतात. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात काई सीगबान यांनी हे तंत्र उभं केलं आणि त्याबद्दल त्यांना १९८१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. तत्त्व समजायला सोपं आहे. नमुन्यावर एक्स-किरण टाकायचे, त्यांनी अणूंतून इलेक्ट्रॉन उडवले की त्यांची ऊर्जा मोजायची, आणि त्यावरून ते कुठल्या मूलद्रव्याचे आणि कुठल्या संयुगात अडकलेले होते हे ओळखायचं. एक्स-किरण आत खोलवर जातात, पण खोलातला इलेक्ट्रॉन बाहेर येता येता धडकत आपली ऊर्जा गमावतो. ओळख शाबूत ठेवून बाहेर पडतात ते फक्त वरच्या पाच-दहा नॅनोमीटरमधले. म्हणूनच हे यंत्र नेमका गिलावाच वाचतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचं एक सुख आहे. धातूतल्या अ‍ॅल्युमिनियमचं शिखर सुमारे ७३ इलेक्ट्रॉन-व्होल्टला येतं आणि ऑक्साइडमधल्याचं त्याच्या पलीकडे दोन-अडीच व्होल्टवर. दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यांच्या उंचीच्या प्रमाणावरून ऑक्साइडची जाडी काढता येते. पहिल्यांदा ती दोन शिखरं पडद्यावर उमटताना पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. ज्या धातूबरोबर रोज काम करत होते त्याची कातडी मला प्रथमच दिसत होती.

पण पहिली खेप वायाच गेली. नमुन्यांवर सिलिकॉन, नायट्रोजन आणि ढीगभर कार्बन निघाला, चांगल्या कॉइलीवरही आणि वाईट कॉइलीवरही. यंत्र सांभाळणारे सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, हे कशात घालून आणलंत?” मी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणले होते, वर चिकटपट्टीने नंबर लावून. पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या प्लॅस्टिकमध्ये अमाइड जातीचं वंगण घालतात आणि ते पृष्ठभागावर येत राहतं. नायट्रोजन बहुधा तिथला. सिलिकॉन चिकटपट्टीचा असेल, हाताला लावलेल्या क्रीमचाही असेल. नॅनोमीटर मोजायचे असतील तर एक बोट लागलं तरी नमुना गेला.

त्या दिवशी सरांनी एक युक्ती सांगितली, ती मी आजतागायत प्रत्येक नव्या मुलाला शिकवते. कॉइलीवरून एक पदर कापायचा नाही. दहा-बारा पदरांचा गठ्ठा एकदम कापायचा, कडा दुमडायच्या, आणि फॉइलच्याच वेष्टणात गुंडाळायचा. यंत्रापाशी गेल्यावर वरचे पदर चिमट्याने सोलून टाकायचे आणि मधला घ्यायचा. त्याला कापल्यापासून कशाचाही स्पर्श झालेला नसतो. फॉइलला फॉइलइतकं स्वच्छ वेष्टण दुसरं नाही.

दुसऱ्या खेपेला सगळं बदललं. चांगल्या कॉइलीचा आलेख अपेक्षेप्रमाणे आला. वाईट कॉइलीच्या आलेखात कार्बनच्या शिखरापलीकडे, ३०५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, एक ठसठशीत टेकाड होतं. मला वाटलं कार्बनचंच काहीतरी असेल. सरांनी पेन्सिलीचं टोक त्यावर ठेवलं. “हे मॅग्नेशियम. ऑजे इलेक्ट्रॉनचं शिखर आहे. आता ५० पाशी बघा.” तिथेही ते होतं. हिशेब केला तेव्हा त्या वरच्या थरात दर चार-पाच धातूच्या अणूंमागे एक अणू मॅग्नेशियमचा निघाला.

आमच्या प्रमाणपत्रावर मॅग्नेशियम होतं, पण किरकोळ. ८०११ मध्ये त्याची कमाल मर्यादा ०.०५ टक्के, आणि आमचा आकडा तिच्या बराच आत होता. म्हणजे धातूत दहा हजार अणूंत दोन-तीन, आणि पृष्ठभागावर शंभरात वीसच्या घरात. ऑक्सिजनची ओढ मॅग्नेशियमला अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त. फॉइल भट्टीत तापली की आतलं मॅग्नेशियम कणांच्या सीमांमधून वाट काढत वर येतं आणि तिथल्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन धरून बसतं. जितकं तापमान जास्त आणि जितका वेळ जास्त, तितकं ते जास्त येतं. हा मॅग्नेशियमचा ऑक्साइड पाण्याला मित्र मानतो, म्हणून पाण्याच्या चाचणीत ‘ए’ मिळतो. आणि पाण्याचा मित्र असल्यामुळेच पावसाळी हवेतलं बाष्प लॅकरमधून झिरपलं की त्याचा हायड्रॉक्साइड होतो, तो फुगतो, ठिसूळ होतो, आणि लॅकर पापुद्र्यासकट उचलला जातो. ज्या चाचणीवर आमचा सगळा भरवसा होता, तिला हाच दोष गुण म्हणून दिसत होता.

आता प्रश्न उरला तीनच कॉइलींचा. सगळा लॉट एका मापाचा, मग या तीनच का? याचं उत्तर पवईला मिळणार नव्हतं. ते भट्टीवर होतं.

अ‍ॅनीलिंगला एक काका होते, नोकरीची तीस वर्षं उलटलेले. त्यांची स्वतःची एक चाचणी होती. भट्टीतून निघालेल्या कॉइलीचा कोपरा ते उलगडत, तोंडाजवळ नेत आणि हलकेच ‘हा’ करून श्वास सोडत. फॉइलवर वाफ धरायची आणि काका ती उडून जाताना बघायचे. एकसारखी पांढुरकी धरली आणि एकसारखी उडाली तर ठीक. नकाशासारखे तुकडे पडले, मधे चकचकीत बेटं राहिली, तर आत तेल आहे. मी नवी होते तेव्हा मला हे अडाणीपणाचं वाटलं होतं. पुढे कधीतरी त्यांच्या शेजारी बसून वीस नमुने पाण्याने आणि वाफेने तपासले, तेव्हा एकाही नमुन्यावर आमचं मत वेगळं आलं नाही.

मी तो पवईचा आलेख त्यांच्यापुढे ठेवला आणि तीन कॉइलींचे नंबर वाचले. काकांनी खिशातली डायरी काढली.

“मॅडम, या तीन दोनदा गेल्यात भट्टीत.”

“कागदावर तर एकदाच आहे.”

“पहिल्यांदा काढल्या तेव्हा गाभ्याशी तेलाचा वास येत होता. रात्रपाळीला परत चढवल्या, थोडं जास्त तापमान देऊन. दुसऱ्या कार्डावर असेल.”

दुसरं कार्ड सापडलं. मग वितळणीच्या नोंदी काढल्या, तर त्या तीन कॉइलींच्या ओतकामात बाहेरून आणलेलं भंगार नेहमीपेक्षा जास्त होतं आणि त्यात पेयांच्या डब्यांचा वाटा होता. त्या डब्यांच्या झाकणाच्या मिश्रधातूत चार ते पाच टक्के मॅग्नेशियम असतं. म्हणजे एकीकडून भंगाराबरोबर मॅग्नेशियम आलं, तरी मर्यादेत राहिलं. दुसरीकडून तेलाचा वास घालवण्यासाठी काकांनी, आपल्या माहितीप्रमाणे अगदी योग्य, दुसरी भट्टी दिली. दोन्ही कामं नियमात होती, दोन्ही पास झाली होती, पण त्या तीन कॉइलींवर ती एकत्र आली. कुणालाही दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. मीटिंगमध्ये मात्र दोषी शोधण्यात आठवडा गेला होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

इथून पुढचं काम माझ्या नोकरीतलं सर्वांत समाधानाचं. झाकणाची फॉइल आम्ही नव्याने बांधायला घेतली. पेच असा होता की तेल घालवायचं तर उष्णता आणि वेळ लागतो, आणि मॅग्नेशियम आवरायचं तर दोन्ही कमी हवीत. एक मीटर रुंदीच्या एक टनाच्या कॉइलीत ३५ मायक्रॉनची फॉइल दहा किलोमीटरहून जास्त असते, घट्ट गुंडाळलेली. तेलाची वाफ पदरापदरांतून सरकत कडेकडेनेच बाहेर पडते. त्यामुळे कडा आणि मध्य, बाहेरचा पदर आणि गाभा, यांची परिस्थिती वेगवेगळी. कडेला हवा पोचते, तिथे ऑक्साइड जाड होतो. मध्यावर तेल रेंगाळतं. आम्ही चाचणीच्या कॉइली फक्त यासाठी उलगडल्या, तीन खोलींवर आणि रुंदीच्या तीन जागी गठ्ठे कापले, आणि तापमान, वेळ, भट्टीतला नायट्रोजन, गुंडाळतानाचा ताण, एकेक बदलत गेलो. प्रत्येक गठ्ठ्याची पाण्याची चाचणी, काकांची वाफ, निवडक नमुन्यांची एक्सपीएस, आणि सगळ्यांवर लॅकर लावून दमट कपाटात ठेवल्यावर टेप.

जुळायला वेळ लागला. शेवटी मार्ग निघाला तो असा की तापमान खाली आणायचं, वेळ थोडा वाढवायचा, कॉइल जरा सैल गुंडाळायची म्हणजे वाफेला वाट मिळेल, आणि झाकणाच्या फॉइलसाठी मॅग्नेशियमची आमची स्वतःची मर्यादा मानकापेक्षा बरीच खाली ठेवायची. हे सोपं वाक्य लिहायला आम्हाला दीड वर्ष लागलं. गुंडाळणी सैल करण्याची सूचना काकांची. ते आधीपासून सांगत होते, पण आलेख आल्यावर लोकांनी ऐकलं.

या काळात मी बरंच वाचलं. १९९०च्या दशकात उत्तर युरोपात रंगवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या इमारती-पत्र्यांवर रंगाखाली केसासारख्या गंजाच्या रेषा पसरू लागल्या होत्या. मिश्रधातू ठीक, रंग ठीक. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला आणि इतरत्र लोकांनी पत्र्याची वरची कातडी तपासली. रोलिंगमध्ये रुळाखाली घासून वरचा मायक्रॉनभर किंवा त्याहून पातळ थर वेगळ्याच बारीक कणांचा झाला होता, आणि पुढच्या उष्णतेने तो गंजायला उतावीळ बनला होता. रंगाआधी तो थर रसायनाने पुरेसा खाऊन काढला की गंज थांबत होता. ट्रॉन्डहाइमच्याच कामात असंही दिसलं की दहा लाखांत मोजके भाग एवढं शिसं धातूत असलं तरी कडक तापवल्यावर ते पृष्ठभागावर गोळा होतं. आमचं मॅग्नेशियम आणि त्यांचं शिसं, दोघांची चाल एकच. आतला क्षुल्लक पाहुणा तापवल्यावर दारात येऊन उभा राहतो.

जाड पत्र्यांसाठी आम्ही ग्लो डिस्चार्जही वापरतो. आरगॉनच्या प्लाझ्माने चार मिलिमीटरचा वाटोळा खड्डा पाडत जायचं आणि निघणाऱ्या प्रकाशावरून कुठल्या खोलीवर काय आहे ते मोजायचं. काही मिनिटांत कित्येक मायक्रॉनची कथा हातात येते. अतिनिर्वात लागत नाही. एक्सपीएसचा निर्वात वातावरणाच्या लाख कोटीव्या भागाइतका असतो आणि तो गाठायलाच वेळ जातो. पण पहिले दोन-तीन नॅनोमीटर ग्लो डिस्चार्जवर सोपवायला मन धजत नाही. प्लाझ्मा पेटतानाच ते उडून जातात.

यंत्राचा छापील आकडा आला की लोक गप्प होतात, हे मला धोक्याचं वाटतं. एकदा आमच्या तरुण सहकाऱ्याने स्वच्छ नमुन्यावर सिलिकॉन सापडल्याचा अहवाल दिला. शिखर १०३ च्या आसपास होतं, जागा बरोबर होती. पण धातूच्या अ‍ॅल्युमिनियमच्या शिखरामागे पंधरा-पंधरा व्होल्टच्या अंतरावर त्याच्याच प्लाझमॉनच्या सावल्या पडतात, आणि दुसरी सावली नेमकी तिथेच येते. सिलिकॉन खरोखर असता तर १५३ पाशीही दिसला असता. दिसत नव्हता. त्या एका अहवालावर एक चांगला तेल-पुरवठादार बंद होणार होता. आणि मुळात यंत्राने बघितलेला ठिपका किती, तर जेमतेम मिलिमीटरभर. दहा किलोमीटरच्या फॉइलबद्दल त्यावरून बोलायचं असेल, तर तो ठिपका कुठून घेतला, त्या जागी भट्टीत काय घडलं, हे सांगणारा माणूस शेजारी हवाच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे ही तंत्रं तक्रार आल्यावर आठवतात. शवविच्छेदनाला जावं तसे नमुने जातात. नव्या मालाची आखणी होते तेव्हा ताणशक्ती, जाडी, लांबणी, किंमत यांचे रकाने भरतात आणि पृष्ठभागाचा रकानाच नसतो. लॅकर, छपाई, चिकटवण, सीलिंग, ग्राहक जे जे करतो ते सगळं पृष्ठभागाशी करतो. धातूशी त्याची गाठ पडतच नाही. आखणीच्या पहिल्या महिन्यात दहा नमुन्यांचा खर्च परत आलेल्या एका कॉइलीपेक्षा कमी असतो, हे मी दर वर्षीच्या बजेटच्या वेळी मांडते. आता निदान झाकणाच्या फॉइलसाठी तो मिळतो.

काकांनी त्या वेळी टेकाडाचा आलेख मागून घेतला आणि भट्टीशेजारच्या फळीवर लावला. नवीन पोरगा आला की त्यावर बोट ठेवून म्हणत, “दुसऱ्यांदा चढवलीस तर हे वाढतं.” आणि ओतकामाच्या कार्डावर त्यांनी पट्टीने उभी रेघ मारून एक जादा रकाना पाडला, मॅग्नेशियमचा. संगणकात तो दोन वर्षांनी आला. ते निवृत्त झाले तेव्हाही भट्टीवरची मुलं हाताने आखलेली कार्डंच वापरत होती.

सध्या तोच रकाना माझी झोप उडवतो आहे. ग्राहकांना आता फॉइलमध्ये भंगाराचा वाटा वाढवून हवा आहे, आणि ते योग्यच आहे. भंगार वितळवायला नव्या धातूच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. पण भंगार म्हणजे पेयांचे डबे, आणि डबे म्हणजे मॅग्नेशियम. वितळलेल्या धातूतून ते क्लोरीनने किंवा क्षाराच्या फ्लक्सने काढता येतं, पण त्यात धातू जातो, धूर होतो, खर्च वाढतो. दुसरी वाट अशी की मॅग्नेशियम राहू द्यायचं आणि अ‍ॅनीलिंगनंतर सौम्य आम्लाने वरचा थर धुऊन नवा ऑक्साइड बसू द्यायचा. ३५ मायक्रॉनच्या फॉइलवर हे सलग चालत्या लाइनीत जमेल का, याचे पहिले तीन गठ्ठे कालच कापले. कडा दुमडून, फॉइलमध्ये गुंडाळून, माझ्या टेबलावर ठेवले आहेत. गुरुवारी पवईची वेळ मिळाली आहे.